घाटंजी वगळून

कापूस बाजाराकडे निघाला की रस्त्याकडेच्या बाभळींना तो लागतो. ट्रॉलीच्या जाळीबाहेर फुगून आलेला ढीग खालच्या फांद्यांना घासत जातो आणि काटे आपापला वाटा काढून घेतात. सकाळी फिरायला निघालो की घाटंजीबाहेरच्या रस्त्यावरची झाडे मला अर्धवट पिंजलेली दिसतात. हवेत सरकीचा तेलकट, किंचित कोंदट वास असतो, जिनिंगच्या गिरणीकडून येणारा धुरळा नाकावर बसतो, आणि शाल पुरेल की स्वेटर घालावा असा विचार करायला लावणारी थंडी नुकतीच आलेली असते. अशा सकाळी माझा उजवा हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे जातो. फक्त पाच शब्द लिहायचे असतात: देशी कापसाची रजई, हाताने टाचलेली. लिहायचे आणि काय येते ते पाहायचे.

मी ते लिहीत नाही. हात खिशात जातो, मोबाईल चाचपतो आणि रिकामा परत येतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याने मला ही शिस्त लावली. ती अजून अंगवळणी पडलेली नाही, म्हणूनच कदाचित तिच्याविषयी लिहावेसे वाटते आहे. लिहिण्याचा मला सराव नाही. माझी सगळी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इतरांनी लिहिलेली पुस्तके क्रमाने लावण्यात गेली. चार ओळी आपणही लिहून पाहाव्यात हे धाडस निवृत्तीनंतर झाले, आणि तेही करताना कोणी मागून वाचत तर नाही ना, असे अजून वळून पाहतो.

त्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. शाहीन आमच्या घरी आली. जुन्या बसस्टँडमागे सलीमभाई गादीवाल्यांचे दुकान आहे, त्यांची ही मुलगी. बी.कॉम. झालेली, माझ्या ग्रंथालयात तीन वर्षे येऊन गेलेली, आणि आता वडिलांच्या दुकानात रजईवर टाके घालणारी. तिचे टाके पाहण्यासारखे असतात. मधल्या एका बिंदूपासून ते लहरीसारखे बाहेर पसरत जातात आणि कडेला येऊन मिटतात. तिच्या ओढणीवर त्या दिवशीही कापसाचे तंतू होते. चहाचा कप हातात घेत ती म्हणाली, "सर, तुमाले नियम वाचाची सवय हाये. मले काही नियम वाचून द्या."

"कशाचे नियम?"

"जाहिरातीचे. सर्चवरच्या. इंग्रजीत हायेत अन् लय लांब हायेत."

माझी पत्नी कुंदा आतून म्हणाली, "बरोबर घरी आली तू. आमच्या घरी औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा पूर्ण वाचल्याशिवाय गोळी घेत नाही कोणी."

मग शाहीनने बाकीचे सांगितले. घाटंजीत आता कोणी रजई भरून घेत नव्हते. फोमच्या गाद्या आल्या होत्या, धुता येणारी, पिशवीत मावणारी पांघरुणे आली होती. उमरखेडच्या एका गाद्यांच्या व्यापाऱ्याने सलीमभाईंचे कापूस पिंजण्याचे मशीन विकत मागितले होते. सलीमभाईंनी त्याला संक्रांतीपर्यंत थांबवले होते. तोवर बाहेरगावची कामे आली तर मशीन राहणार, नाहीतर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन येणार. "मशीन गेली तं मी यवतमाळले साड्यांच्या शोरूममंधी उभी राहीन," शाहीन म्हणाली. "उभं राहाले काई वाटत नाही सर. पन थे घड्या उघडून दाखवाचं काम. शिवाचं नाही." एवढे बोलून तिने चहा संपवला.

मी होकार दिला.

शोधणाऱ्याने काही शब्द लिहिले की उत्तरांच्या वर जाहिराती दिसतात, एवढे मला माहीत होते. ज्याचे पैसे जास्त त्याची जाहिरात वर, असाही माझा समज होता. नियम वाचताना कळले की ते एवढे सरळ नाही. सर्च चालवणारी कंपनी जाहिरातीला चक्क गुण देते, दहापैकी. त्याला क्वालिटी स्कोअर म्हणतात. तीन गोष्टी पाहिल्या जातात: शोधणारा माणूस जाहिरातीवर बोट ठेवील असे वाटते का, जाहिरात त्याच्या शब्दांशी जुळते का, आणि बोट ठेवल्यावर जे पान उघडते ते त्याच्या उपयोगाचे आहे का. गुण कमी पडले तर तीच जागा महाग पडते आणि जाहिरात क्वचित दिसते, कधी दिसतही नाही. हे वाचून मला हायसे वाटले, हे कबूल केले पाहिजे. गुणवत्तेवर चालणारा व्यवहार आहे, मग आपल्याला काय भीती, असे मनात आले. सलीमभाईंच्या मालात खोट नव्हती, आणि मजकूर मी लिहिणार होतो.

जाहिरातीचा मथळा मी तीन दिवस घोटला. 'परंपरागत कार्पास-आच्छादने: पिढीजात कौशल्याचा उबदार वारसा.' शाहीनने तो दोनदा वाचला.

"सर, हे कोन शोधते?"

"म्हणजे?"

"म्हंजे थंडी वाजून राह्यली अन् मानूस मोबाईल काढते. थो काय लिहीन? कार्पास-आच्छादन लिहीन?"

सलीमभाई कोपऱ्यात रुई उलगडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "अब्बा असते तं विचारलं असतं, ह्या कोनत्या डॉक्टरची दवाई आहे."

मी हसलो, पण कान तापले होते. शेवटी जाहिरातीत त्या पाच शब्दांचा मथळा राहिला. जे पान उघडणार होते ते मात्र मी हट्टाने माझ्या मनासारखे केले. पिंजारी व्यवसायाचा मागोवा, कापूस पिंजायच्या धनुकलीच्या नादाचे वर्णन, वऱ्हाडातल्या काळ्या मातीवर दोन परिच्छेद. त्याखाली सलीमभाईंनी हौसेने काढलेले चाळीस फोटो. किंमत नाही, कारण सलीमभाईंचे म्हणणे असे की कापूस हातात घेतल्याशिवाय भाव सांगणारा माणूस खोटा असतो.

चार दिवसांनी शेरे आले. शब्दांशी जुळणी: सरासरी. पानाचा अनुभव: सरासरीपेक्षा कमी. आयुष्यभर इतरांच्या पुस्तकांवर शिक्के मारले, माझ्यावर असा शिक्का कोणी मारला नव्हता. कारणेही पाहिली. पान उघडायला फार वेळ लागत होता. ज्याला रजई हवी त्याला ती कितीला मिळेल, किती दिवसांत येईल आणि कोणाशी बोलायचे, हे शोधावे लागत होते. काळ्या मातीतून गेल्याशिवाय रजईपर्यंत पोचताच येत नव्हते.

शाहीनने ते दोन परिच्छेद माझ्यासमोरच काढले. विचारून काढले, पण काढले. फोटो चारच ठेवले. दोन किलोची, तीन किलोची, चार किलोची असे वजन घालून तिने किमती लिहिल्या. वडील कुरकुरले तेव्हा ती म्हणाली, "अब्बू, कापूस आपला, वजन आपलं. आता तरी सांगाल का भाव?" पान हलके झाले, पटकन उघडू लागले. शेरा सुधारला. यात माझा वाटा कोणता होता, हे मी स्वतःला विचारले नाही.

आणि मग जाहिरात दिसू लागली.

तो शुक्रवार होता की शनिवार, आठवत नाही. बाजाराचा दिवस होता एवढे नक्की. वांग्यांचे ढीग, सुक्या मिरचीने खवखवणारा घसा, ओल्या गोणपाटांचा वास. सलीमभाई दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होते. "काढा मोबाईल. काढा ना जी. लिहा, देशी कापसाची रजई. लिहिलं? आता पाहा. आली का नाही?" समोरचा डोळे बारीक करून पाही आणि म्हणे, "आली की बाप्पा. तुमचंच नाव हाये." सलीमभाईंचा हात लगेच आडवा येई. "बस. पाह्यलं ना? आता बोट नका लावू. बोट लावलं का पैसे कटते."

हा इशारा त्यांना मी दिला होता. आपल्याच जाहिरातीवर आपण बोट ठेवायचे नसते, ते नियमात बसत नाही आणि पैसेही फुकट जातात, हे मी त्यांना दोनदा बजावले होते. ते त्यांनी इतके मनावर घेतले की गावभर त्याची दवंडी झाली. चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात, मशिदीबाहेर, सोसायटीच्या ओट्यावर माणसे ते पाच शब्द लिहीत, जाहिरात पाहत, समाधानाने मान हलवत आणि मोबाईल खिशात टाकत. माझ्या घरीही वेगळे नव्हते. कुंदा दळण आणायला निघण्याआधी पाहत असे. मी सकाळी फिरताना पाहत असे, दुपारी जेवल्यावर पाहत असे. बाहेरगावाहून फोन अजून आला नव्हता, पण नाव दिसत होते. नाव दिसते म्हणजे काम चालू आहे, असे आम्हा सगळ्यांना वाटत होते.

मार्गशीर्ष लागला तेव्हा एका सकाळी मी पाच शब्द लिहिले आणि ती आली नाही.

पुन्हा लिहिले. दिल्लीच्या कोणत्याशा कंपनीची कृत्रिम धाग्याची पांघरुणे आली, आमची नाही. मी तसाच दुकानाकडे वळलो. सलीमभाई पायरीवर मोबाईल घेऊनच बसले होते.

"काहून दिसत नाही जी सर?"

"पाहतो."

"कालपासून मी पाहूनच राह्यलो. टपरीवाला पाहून राह्यला. गॅरेजवाला हमीद मिस्त्री पाहून राह्यला. कोनालेच दिसत नाही." मग आवाज खाली करून त्यांनी विचारले, "आपल्याकडून काई चुकलं का?"

या प्रश्नाने मला जितके घाबरवले तितके त्या हिवाळ्यात दुसऱ्या कशानेही घाबरवले नाही. कारण त्यात 'आपल्याकडून' म्हणजे 'तुमच्याकडून' असे नव्हते. त्यांनी मला त्यात धरले होते. आत शाहीन तीन किलोच्या नमुन्याच्या रजईवर टाके घालत होती. तिने मान वर केली नाही, पण सुई थांबली होती.

पुढचे आठ-दहा दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. तुरीच्या शेंगा सोलताना कुंदाच्या नखांना आलेला हिरवा रंग. सकाळचे धुके आणि त्यातून येणारी एसटी. दर तासाला मोबाईलकडे जाणारा माझा हात. जाहिरात एखाद्या वेळी दिसे, मग दिवसभर दिसत नसे. मी नियम पुन्हा वाचत होतो. पान बरोबर होते, शब्द बरोबर होते. पण पहिल्या रकान्यातला, बोट ठेवण्याच्या शक्यतेचा शेरा रोज खाली चालला होता. सरासरीपेक्षा कमी. लोकांना ही जाहिरात नको आहे, असा त्याचा सरळ अर्थ होता. आणि त्याच वेळी गावात मला रस्त्यात थांबवून लोक विचारत, "सर, आज दिसंन का हो रजई?" सगळ्यांना हवी असलेली जाहिरात कोणालाच नको आहे, असे यंत्र म्हणत होते. दोन्ही खरे कसे असेल, हे मला समजत नव्हते.

"अजी, जेवताना तं ठेवा तो बाजूले," कुंदा एकदा म्हणाली. "इतकं तं लग्नाआधी माझा फोटोबी नसंन पाह्यला तुमी."

उलगडा शाहीनने केला. एका दुपारी ती आली आणि तिने मोबाईलवर एक तक्ता उघडून माझ्यासमोर धरला. जाहिरात कोणत्या गावात किती वेळा दिसली याचा तो तक्ता होता. आम्ही सगळ्या महाराष्ट्रात ती लावली होती. सगळ्यांत वर एकच नाव होते आणि त्याच्यापुढचा आकडा बाकीच्या सगळ्या गावांच्या बेरजेहून मोठा होता. घाटंजी. त्याच ओळीत, पुढच्या रकान्यात, किती जणांनी बोट ठेवले तिथे शून्य.

"सर, हे आपनच हो," ती म्हणाली.

तिने समजावून सांगितले, आणि सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. मोठ्या दुकानाची जाहिरात दिवसाला हजारो लोक पाहतात. त्यांच्या गावातल्या शंभरांनी नुसती पाहिली तरी त्यांना कळतही नाही. आमची जाहिरात पाहणारे ओंजळभर. त्या ओंजळीत सगळे आपलेच, आणि आपण सगळे पाहून हात मागे घेणारे. यंत्राला गाव कळत नाही, अभिमान कळत नाही. इतक्यांना दाखवली आणि एकानेही घेतली नाही, एवढेच त्याला कळते. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा शोधून हात लावला नाही तर त्याला ती नको असावी असे समजून यंत्र त्याला दाखवायचेच थांबवते. दिसत नाही म्हणून आम्ही आणखी शोधत होतो. जितके शोधत होतो तितकी ती बुडत होती.

"नियमात होतं हे?" तिने विचारले.

होते. मी वाचलेही होते. आपली जाहिरात वारंवार शोधू नये, अशी एक ओळ होती. मला ती गैरवापर करणाऱ्यांसाठी असावी असे वाटले होते. नुसते पाहण्याने कोणाचे नुकसान होते, हे माझ्या मनाला पटण्यासारखेच नव्हते.

शाहीन उठता उठता म्हणाली, "तुमच्या लायब्ररीतबी असंच होतं ना सर. कपाटाले काच होती. आमी पाहत होतो अन् घरी जात होतो."

ती हे टोचून बोलली नाही, आठवले म्हणून बोलली. आमच्या ग्रंथालयात काचेची अकरा कपाटे होती. किल्ल्या माझ्या टेबलाच्या खणात असत. काचेवर माझ्याच वळणदार अक्षरात सूचना होती: पुस्तके पाहावीत, हात लावू नये, हवे असल्यास ग्रंथपालांकडे मागणी करावी. मागणी करायला मुले यायची नाहीत. मीही उठून 'कोणते हवे?' असे विचारत नसे. संकोची माणसाला टेबल ही मोठी सोय असते. मुले काचेला नाक लावून पुस्तकांच्या कण्यांवरची नावे वाचायची, काचेवर त्यांच्या श्वासाचे ठसे उमटायचे, ते मी संध्याकाळी फडक्याने पुसायचो. आणि दर काही वर्षांनी मी एक यादी करायचो. कोणीच घरी न नेलेल्या पुस्तकांची यादी. वाचकांची मागणी नाही, सबब निर्लेखन करावे. खाली माझी सही. किती चांगली पुस्तके त्या वाक्याने रद्दीत गेली. त्या यंत्रावर मी दहा दिवस चिडलो होतो, आणि तेच काम मी पेन्शन मिळेपर्यंत केले होते.

उपाय सोपा होता. जाहिरात कोणत्या भागात दिसू नये हे सांगण्याची सोय असते. तिथे आपल्या गावाचे नाव लिहायचे. घाटंजी वगळून. पण ते सलीमभाईंना सांगायचे होते.

त्यांनी ऐकून घेतले. हातातली रुई खाली ठेवली. "म्हंजे आपल्या गावात दिसनारच नाही?"

"नाही."

"कोनालेच?"

"कोणालाच. तुम्हालाही नाही."

"मग ती हाये का नाही, हे मले कसं समजंन?"

मी मोबाईल खिशात ठेवला. ते म्हणाले, "सर, माझ्या अब्बांनी दुकानाले पाटी लावली नाही. मनले, गावाले ठाऊक आहे, पाटी कायले? आता साठ वर्सांनी नाव कुठंतरी लागलं. अन् तुमी मनता, गावालेच दाखवू नका. गावाले दिसली नाही तं थे नाव कोनाचं?"

शाहीन सुईत दोरा ओवत होती. "अब्बू," ती म्हणाली, "गावाले दिसत होती ना महिनाभर. किती जनांनी रजई भरली?"

सलीमभाईंनी रुई पुन्हा हातात घेतली.

"हमीदचाचा रोज पाहत होते. त्यांच्या घरी काय हाये? फोम. टपरीवाल्याच्या घरी फोम. मले सांगा, कोनाच्या अंगावर आपली रजई हाये?"

तिने माझे नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती. मुलाने पुण्याहून पाठवलेले, धुता येणारे पांघरूण आमच्या घरी तिसरा हिवाळा काढत होते. आमच्या लग्नातली रजई, जी सलीमभाईंच्या वडिलांनी भरली होती, ती पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर होती.

"लिहून टाका," सलीमभाई शेवटी म्हणाले. "वगळा गावाले." आणि उठून बाहेर पायरीवर गेले.

नंतरचे दिवस सर्वांत कठीण होते. आधी भीती होती, पण पाहायला काहीतरी होते. आता पाहायचे नव्हते. लोक विचारत तेव्हा 'बंद केली काय?' या प्रश्नाला मी 'नाही, पण इथे दिसणार नाही' असे उत्तर देई, आणि ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटे. सर फसले, असे त्यांना वाटत असावे. मलाही वाटत असे. शेरा हळूहळू सुधारतो, तोवर वाट पाहायची असते, असे वाचले होते. संक्रांत दोन आठवड्यांवर आली होती. कुंदा तीळ भाजत होती, त्यांचा तडतड आवाज, खमंग धूर, आणि माझ्या मनात टेम्पोचा आवाज. दुकानात फोन वाजला की आम्ही तिघेही दचकत असू. एकदा वाजला तो चुकीचा नंबर होता. एकदा वाजला तो उमरखेडहून होता. व्यापारी विचारत होता, मशीन उचलायला किती माणसे लागतील.

त्याच दिवशी मी पेटी उघडली.

रजई बाहेर काढली तेव्हा ती फरशीवर ओल्या मातीसारखी आपटली. कापूस जागोजागी गोळा झाला होता, खोळ विरली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्याखाली, अगदी तळाशी, जुन्या कापसाचा कोरडा, धान्यासारखा वास. मी ती घडी करून खांद्यावर घेतली.

"रिक्षा बोलवा," कुंदा म्हणाली.

"चालत जातो."

"बाजाराचा दिवस हाये. सगळे पाहतीन."

तेच तर हवे होते. मी आयुष्यात कधी बाजारातून काही खांद्यावर घेऊन गेलो नव्हतो. भाजीची पिशवीही मी भिंतीच्या कडेकडेने आणतो. त्या दिवशी मिरचीच्या ढिगांमधून, टपरीवरून, कटिंगच्या दुकानासमोरून मी ती जड, पिवळट पडलेली रजई घेऊन गेलो. मानेला घाम आला, चष्मा घसरत होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता. हमीद मिस्त्रींनी गॅरेजमधून विचारले, "सर, कायले नेऊन राह्यले?" मी थांबलो. थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "भरून घ्यायला. थंडी आहे." वाक्य पूर्ण झाले.

सलीमभाई पायरीवर बसले होते. मला त्या अवस्थेत पाहून त्यांच्या मिशीखाली बऱ्याच दिवसांनी काहीतरी हलले.

"या जी. जाहिरात पाहून आले काय?"

"पाहिली होती," मी म्हणालो. "हात लावायचा राहिला होता."

त्यांनी रजई माझ्या खांद्यावरून उचलली, खोळीचा कोपरा उसवला, आतला कापूस दोन बोटांत घेऊन ओढला. तंतू तुटला नाही. "अब्बांच्या हातचा आहे," ते हळूच म्हणाले. "मरत नाही हा."

संक्रांतीच्या आधी बाहेरून चार कामे आली. पहिली एका बाईंची होती, नाशिकच्या. त्यांनी शाहीनला विचारले की रजई धुता येते का. शाहीनने खरे ते सांगितले की येत नाही, उन्हात घालावी लागते. बाई म्हणाल्या, आमच्या गच्चीवर ऊन येते. फोन ठेवल्यावर शाहीनने ओढणीने डोळ्यांतला कापूस काढला. कापूसच असावा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. उमरखेडचा व्यापारी भला माणूस होता. त्याने सगळ्यांना तिळगूळ दिला, बाकावर टेकला, आणि मशीनकडे पाहिले. मशीन चालू होते. त्यातून माझ्या रजईचा कापूस बाहेर पडत होता. चाळीस वर्षांची गाठ सुटून तो धुरासारखा वर येत होता आणि खाली पांढरा होऊन बसत होता. दुकानभर धूळ होती. बोलायला ओरडावे लागत होते.

"किती काम आलं?" व्यापाऱ्याने विचारले.

सलीमभाईंनी मुलीकडे पाहिले.

"पाच," शाहीन म्हणाली.

"पाचासाठी मशीन अडवता? बेटा, पाचांवर घर नाही चालत."

"चार बाहेरचे हायेत," ती म्हणाली. "पाचवं गावातलं हाये." तिने बोटाने माझ्याकडे दाखवले नाही, नुसती मान वळवली. "थे बाहेरचे जाहिरातीनं आले. हे जाहिरात दिसत नसताना आलं. अजून एक सीझन पाहू द्या, चाचा."

व्यापारी माझ्याकडे पाहत राहिला. मला नेहमीसारखे खाली पाहावेसे वाटले. मी पाहिले नाही. मग तो उठला, कपड्यांवरचा कापूस झटकला. "पुढच्या संक्रांतीले येतो," म्हणाला. टेम्पो रिकामा वळला तेव्हा त्याची फळी बराच वेळ खडखडत होती.

पुढच्या संक्रांतीलाही तो आला आणि बोलून परत गेला. यंदाही त्याचा फोन येऊन गेला आहे, काम अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहे. हमीद मिस्त्रींनी गेल्या आठवड्यात आपल्या आईची गादी भरायला दुकानात टाकली, असे ऐकतो. जाहिरात चालू आहे म्हणे. शाहीनने तिचे शब्द बदलले आहेत, काय केले ते मी विचारलेले नाही. मला ती इथून दिसत नाही.

आज सकाळी बाभळींपाशी हात खिशात गेला तसा बाहेर आला. परतताना जुन्या बसस्टँडमागून आलो. वळणावर मशीनचा आवाज येत होता. मी वळणावरूनच ऐकून घरी जाणार होतो. मग पायरी चढलो, आत गेलो आणि शाहीनसमोर पसरलेल्या रजईवर तळहात ठेवला. कोणाची आहे, मी विचारले नाही. ती गार होती, आणि हात ठेवल्यावर थोड्या वेळाने ऊब यायला लागली.